आजीची मांडी आणि मेलबर्नचा कायदा

परदेशी राहावयास निघालेल्या कुटुंबाच्या सामानाकडे पाहिले म्हणजे त्या कुटुंबाचे मन कळते, असा माझा अनुभव आहे. कोणी लोणच्याच्या बरण्या घेतो, कोणी पोळपाट-लाटणे घेतो, कोणी वाडवडिलांची तसबीर कपड्यांच्या घडीत जपून ठेवतो. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात माझी लेक आपल्या चौदा महिन्यांच्या मुलीला घेऊन मेलबर्नला निघाली, तेव्हा तिच्या सामानात या सर्वांहून अवजड अशी एक वस्तू होती. ती म्हणजे मोटारीत लहान मुलांना बसवण्याची सीट. नातीच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तिच्या धर्ममातेने ती मोठ्या हौसेने भेट दिली होती. जावई नोकरीनिमित्त दोन महिने आधीच पुढे गेले होते. नव्या देशात घर लागेपर्यंत लेकीला हाताखाली कोणी हवे, म्हणून मीही सोबत निघाले. आयुष्यभर बेळगावच्या एका शाळेत गणित शिकवले. तेव्हा सामानाच्या वजनाचा हिशेब ओघानेच माझ्याकडे आला. ती सीट घेण्यासाठी मी माझी एक बॅग मागे ठेवली, आणि त्या त्यागाचा मला थोडा अभिमानही वाटत होता.

बेळगावहून बेंगळुरू, तेथून सिंगापूर आणि तेथून मेलबर्न, असा आमचा मार्ग होता. विमानातील रात्र बहुतेक जागरणातच गेली. नात कधी आईच्या मांडीवर, कधी माझ्या मांडीवर झोपत होती. पहाटे खिडकीतून पाहिले, तो खाली तांबूस मातीचा अफाट प्रदेश पसरलेला. तासन् तास गाव नाही, नदी नाही. मग हळूहळू हिरवी शेते दिसू लागली आणि अखेरीस मेलबर्नचा विमानतळ आला. तुलामरीन नावाच्या उपनगरातील हा विमानतळ १९७० साली वाहतुकीस खुला झाला. ते साल मी तेव्हा मनात ठेवले नव्हते. पण पुढे या शहराच्या इतिहासात ते मला वारंवार भेटणार होते.

बाहेर कडाक्याची थंडी होती. आपल्याकडे श्रावणसरी चालू असतात त्या दिवसांत तेथे हिवाळा असतो. जावई हसतमुखाने सामोरे आले. त्यांनी लेकीला जवळ घेतले, मला नमस्कार केला आणि सामानाच्या गाड्यावर ठेवलेल्या आमच्या त्या मोठ्या खोक्याकडे पाहून क्षणभर गप्प झाले.

"आई," ते शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले, "ही सीट येथे चालणार नाही. मी दुसरी बसवून आणली आहे."

पाहते, तो मोटारीच्या मागील बाजूस खरोखरच एक नवी सीट घट्ट बांधलेली होती. नातीला तिच्यात पाठमोरे बसवण्यात आले. धर्ममातेची भेट डिकीत गेली. माझ्या मनाला ते लागले. आपल्या देशातून आणलेली वस्तू कमी प्रतीची, असे तर या लोकांना वाटत नसेल? मी काही बोलले नाही. पण घरी पोहोचेपर्यंत रुंद रस्त्यांची आणि निलगिरीच्या झाडांची शोभा माझ्या डोळ्यांत भरली नाही, हे कबूल केले पाहिजे.

लेकीचे बिऱ्हाड शहराच्या पश्चिमेस टारनीट नावाच्या वस्तीत होते. या भागात आपल्याकडील इतकी कुटुंबे राहतात, की सकाळी फेरफटका मारताना पंजाबी, तेलुगू, गुजराती, मल्याळी आणि क्वचित मराठी बोलही कानी पडतात. घरे एकमजली, पुढे हिरवळीचा तुकडा, बाजूला गॅरेज. दुसऱ्या दिवशी चहा घेताना जावयांनी माझ्या मनातील अढी ओळखली आणि आपण होऊन विषय काढला.

त्यांनी सांगितले ते असे. ऑस्ट्रेलियात लहान मुलांची प्रत्येक सीट तेथील व न्यूझीलंडच्या एका सामाईक प्रमाणानुसार तपासलेली असावी लागते. त्या प्रमाणाचा क्रमांक १७५४. तो क्रमांक असलेली चिठ्ठी सीटवर नसेल, तर ती सीट मोटारीत वापरणे बेकायदेशीर ठरते. मग ती कोणत्याही देशातून आणलेली असो आणि कितीही किमती असो. त्यांच्या कचेरीतील एक गृहस्थ लंडनहून बदलून आले, त्यांचीही भारी किमतीची सीट अशीच निरुपयोगी ठरली होती. आमची सीट युरोपीय प्रमाणाची होती. इंग्लंडमध्ये ती चालली असती, येथे मात्र नाही. तेव्हा यात आपल्या देशाचा उपमर्द नव्हता, हे मला कळले. तथापि एक शंका उरलीच. मूल तेच, मोटार तशीच, रस्तेही रस्त्यांसारखेच. मग देशोदेशी निराळी सीट कशासाठी?

याचे उत्तर मला दोन दिवसांनी मिळाले. या शहरात मुलांच्या सीट नीट बसवून देणारे प्रशिक्षित लोक आहेत. जावयांनी बसवलेली सीट तपासून घेण्यासाठी आम्ही अशाच एका बाईंकडे गेलो. चाळिशीच्या, हसऱ्या, पण कामात करड्या. त्यांनी मोटारीचे मागचे दार उघडले, सीट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली आणि मान डोलावली. मग त्यांनी मला बोलावून एक पट्टा दाखवला. सीटच्या माथ्यापासून निघून तो मोटारीच्या आसनाच्या पाठीवरून मागे जातो आणि तेथे गाडीच्या सांगाड्याला पक्क्या बसवलेल्या कडीत अडकतो. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या मोटारींत अशी कडी ठेवण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून आहे. धक्का बसला म्हणजे सीटचा माथा पुढे झुकतो आणि त्याबरोबर मुलाचे डोके पुढे फेकले जाते. हा वरचा पट्टा ते झुकणे आवरतो. तान्ह्या मुलांच्या पाठमोऱ्या सीटलासुद्धा येथे तो असतो. आमच्या खोक्यातील सीटला असा पट्टाच नव्हता. प्रत्येक देशाने अपघाताच्या चाचण्या आपापल्या रीतीने ठरवल्या, मोटारींची घडण त्यास जुळवून घेतली आणि मग त्या जोडीला धरून कायदा केला. म्हणून एका देशाची सीट दुसऱ्या देशात परकी ठरते.

त्या बाईंनी आणखी एक गोष्ट शिकवली. थंडी म्हणून मी नातीला जाडजूड कोट घातला होता. त्यांनी तो काढावयास सांगितला. जाड कपड्यावर पट्टे आवळले तर ते घट्ट भासतात. पण धक्क्यात कापूस दबतो आणि पट्टा सैल पडतो. अंगात साधा कपडा, वर पट्टे आणि पट्ट्यांवरून घोंगडी, हा योग्य क्रम. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरू पाहावा. चिमटीत आला तर तो सैल आहे असे समजावे. आमच्या नातीने या सर्व काळात आकाशपाताळ एक केले. बाई मात्र शांत होत्या. "रडणारे मूल मला चालते," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या गाडीकडे वळल्या.

त्या शहरात मला वाचनालयात जाण्याची सवय लागली. तेथे मी व्हिक्टोरिया राज्याचा अलीकडचा इतिहास चाळला, तेव्हा १९७० हे साल पुन्हा समोर आले. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात मेलबर्नमधील बांधकाम चालू असलेला वेस्ट गेट पूल कोसळून ३५ कामगार मृत्यू पावले. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, या एका राज्याच्या रस्त्यांवर १,०३४ माणसे अपघातांत दगावली होती. 'सन' या तेथील दैनिकाने १९७० च्या नोव्हेंबरात त्या आकड्याविरुद्धच युद्ध पुकारले. शल्यविशारद तर आधीपासूनच कंठरवाने सांगत होते, की पट्टा बांधला असता तर यांतील कितीतरी लोक आमच्या टेबलावर आलेच नसते. अखेर १९७० च्या २२ डिसेंबरपासून मोटारीत पट्टा बांधणे सक्तीचे झाले. असा कायदा करणारे व्हिक्टोरिया हे जगातील पहिले राज्य होय. माणसाच्या खाजगी गाडीत सरकारने हात घालावा काय, असे तेव्हा पुष्कळांनी विचारले असेल. आज तेथील लोकसंख्या त्या काळच्या दुप्पट झाली आहे आणि रस्त्यांवरील बळी वर्षाला तीनशेच्या आत-बाहेर आले आहेत. हे सारे श्रेय एकट्या पट्ट्याचे नाही. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्यांची तपासणी, चांगले रस्ते, चांगल्या मोटारी यांचाही त्यात वाटा आहे. परंतु आरंभ पट्ट्याने झाला.

हे सर्व वाचून माझी बुद्धी पटली होती. मन पटले नव्हते. ते कसे पटले, हे सांगणे मला थोडे जड जाते. पण त्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

तिसऱ्या आठवड्यातील रविवार होता. जावई कामावर मोटार घेऊन गेले होते. चर्च घरापासून चालत अर्ध्या तासावर. आम्ही मायलेकी बाबागाडीतून नातीला घेऊन मिस्सेला गेलो. मिस्सा संपली आणि बाहेर पाहतो तो पाऊस कोसळत होता, वारा झोंबत होता. केरळातील एक सज्जन कुटुंब मोटारीत बसत होते. त्या गृहस्थांनी आम्हांला पाहून गाडी थांबवली आणि घरी सोडतो म्हणाले. त्यांच्या मागील आसनावर त्यांच्या दोन मुलांच्या दोन सीट बांधलेल्या होत्या. मध्ये एक जागा रिकामी. पुढचीही एक जागा मोकळी होती, कारण त्यांची पत्नी चर्चमध्ये फुलांच्या कामासाठी थांबणार होती. मी लेकीला म्हटले, "तू पुढे बस, मी मध्ये बसते. बाळ माझ्या मांडीवर राहील. पाच मिनिटांची तर वाट."

लेकीने त्यांचे मनापासून आभार मानले आणि नकार दिला. गाडी निघून गेली.

मला राग आला. चर्चच्या पडवीत उभ्या राहून मी तिला नाही नाही ते बोलले. तुम्हां सहा भावंडांना मी याच मांडीवर वाढवले. या देशात येऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच आईची मांडी तुला परकी झाली. माणुसकीपेक्षा कायदा मोठा झाला. असे बरेच काही. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "आई, दंड झाला असता तर तो त्या बिचाऱ्या गृहस्थांना. येथे मुलाची जबाबदारी चालकावर असते. पण कायद्याचे जाऊ दे." एवढे बोलून तिने आपल्या उजव्या भुवईवरून बोट फिरवले. "ही खूण कशाची, ते मी तुझ्याच तोंडून ऐकले आहे."

मी गप्प झाले.

१९९३ सालची गोष्ट. सावंतवाडीस एका लग्नाला आम्ही भाड्याच्या जीपने निघालो होतो. ही लेक तेव्हा दोन वर्षांची. मी चालकाच्या शेजारी बसले होते आणि ती माझ्या मांडीवर झोपली होती. आंबोलीच्या घाटात एका वळणावर समोर म्हैस आली. चालकाने ब्रेक दाबला, जीप घसरली आणि रस्त्याकडेच्या कठड्यास धडकून थांबली. वेग काही फार नव्हता. मी तिला दोन्ही हातांनी धरले होते. तरीही ती माझ्या हातांतून सुटली आणि तिचे कपाळ समोरच्या लोखंडी पट्टीवर आपटले. सावंतवाडीच्या दवाखान्यात पाच टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. त्यानंतर तीस वर्षे मी ही हकिकत सांगत आले, ती 'देवाने राखले' अशीच. देवाने राखले यात मला आजही संशय नाही. परंतु 'ती माझ्या हातांतून सुटली' हे वाक्य मी नेहमी घाईने उच्चारत असे आणि पुढे जात असे. त्या दिवशी पडवीत मला तेथे थांबावे लागले.

पाऊस चालूच होता. माझ्या हातात मिस्सेचे पत्रक होते, त्याची पाठ कोरी होती. मी पर्समधून पेन काढले आणि सवयीप्रमाणे हिशेब मांडला. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. १४ चा वर्ग १९६. त्यास गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीने, म्हणजे १९.६ ने भागले की उत्तर येते १० मीटर. याचा अर्थ असा, की ताशी पन्नासच्या वेगाने आदळणे हे तीन मजली इमारतीवरून खाली पडण्यासारखे आहे. आता मोटारीचा पुढचा भाग चेपून ती ६० सेंटिमीटरच्या अंतरात थांबली असे धरू. तेवढ्या अवधीत तिच्यातील प्रत्येक देह आपल्या वजनाच्या सुमारे १६ पटींनी पुढे ओढला जातो. नातीचे वजन साडेनऊ किलो. साडेनऊ गुणिले सोळा, एकशे बावन्न. दीडशे किलोंचे पोते कोणती आजी हातांनी धरून ठेवील? आणि ती ओढ एका सेकंदाच्या दहाव्या भागात येते. हात आवळण्यासही तेवढा वेळ पुरत नाही. शिवाय धरणारी स्वतःही पुढे फेकली जाते आणि तिचा सारा भार पुढ्यातल्या मुलावर येतो. मोठ्या माणसाचा पट्टा दोघांभोवती बांधावा, तर मधल्या मध्ये मूल चिरडते.

हा हिशेब मी वर्गात कितीदा तरी शिकवला होता. छपरावरून टाकलेल्या दगडाचा, पुलावरून पडलेल्या चेंडूचा. मांडीवरच्या मुलाचा हिशेब मी कधी केला नव्हता. मांडी ही मायेची जागा आहे, बळाची नव्हे; या दोहोंतील भेद त्या पडवीत मला उमगला. पाऊण तासाने पाऊस उघडला. आम्ही बाबागाडी ढकलत घरी आलो. वाटेत मी लेकीची क्षमा मागितली. "अगं आई, हे काय!" असे म्हणून तिने तो विषय तेथेच संपवला.

मूल पाठमोरे का बसवायचे, ही माझी दुसरी शंका होती. कारण नातीला पुढची गंमत दिसत नाही याचे मला वाईट वाटे. तान्ह्या मुलाचे डोके त्याच्या देहाच्या मानाने फार मोठे असते. उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा डोक्याचाच. मान मात्र कोवळी. तोंड पुढे करून बसवले आणि गाडी आदळली, तर पट्टे धड धरतात आणि डोक्याचा सारा भार मानेवर येतो. पाठमोरे बसवले तर तोच धक्का पाठ, मान आणि डोके यांवर एकसारखा वाटला जातो. ही कल्पना स्वीडनची. तेथील बर्टिल आल्डमन या वैद्यक जाणणाऱ्या संशोधकाने १९६० च्या दशकात, अमेरिकी अंतराळवीर यानात पाठ टेकून कसे बसतात हे पाहून, मुलांसाठी तशी सीट योजली. त्याच देशातील व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये आजचा तीन टोकांचा पट्टा तयार केला आणि कंपनीने तो सर्व मोटारवाल्यांना मोकळा करून दिला. अशा शोधांचे ऋण आपण रोज अंगावर बांधतो. पण त्यांची नावे आपणांस ठाऊक नसतात.

व्हिक्टोरियातील आजचे वयानुसार नियम नोव्हेंबर २००९ पासून आले. सहा महिन्यांपर्यंत मूल पाठमोरेच बसले पाहिजे. सहा महिने ते चार वर्षे पाठमोरे अथवा पुढे तोंड करून, परंतु सीटच्या स्वतःच्या पट्ट्यांत. चार ते सात वर्षे अशाच सीटमध्ये, किंवा मूल उंच करून गाडीचा पट्टा त्याच्या खांद्यावर नीट आणणाऱ्या बूस्टर सीटवर. चार वर्षांखालील मुलास, गाडीत मागे आसने असताना, पुढे बसवता येत नाही. हा झाला कायद्याचा किमान दंडक. जाणकार सांगतात, की सीटवर खांद्याच्या उंचीच्या खुणा असतात. त्या ओलांडीपर्यंत मूल आहे त्याच सीटमध्ये ठेवावे, आणि उंची १४५ सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर सोडू नये. टॅक्सीपुरती कायद्याने काही सवलत ठेवली आहे. परंतु पदार्थविज्ञानाने ती ठेवलेली नाही, हे गणिताच्या शिक्षिकेने सांगावयास हवे.

या पानांच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे परदेशी आहेत. गोव्यातील कितीतरी कुटुंबे इंग्लंडमधील स्विंडन येथे राहतात, कितीतरी कॅनडात टोरंटोच्या आसपास. म्हणून तेथील चालीही थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये मूल बारा वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, यांतील जे आधी घडेल तोपर्यंत, सीट आवश्यक असते. सीटवर वर्तुळातील इंग्रजी 'ई' अक्षराची युरोपीय खूण लागते, आणि उंचीप्रमाणे ठरवलेल्या सीटमध्ये पंधरा महिने पुरे होईपर्यंत मूल पाठमोरेच ठेवावे लागते. कॅनडात मेपलच्या पानाची राष्ट्रीय सुरक्षा-खूण हवी. अमेरिकेत घेतलेली सीट शेजारच्या कॅनडात तेवढ्यासाठी बाद होते. टोरंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टॅरिओत मूल आठ वर्षांचे, ३६ किलोंचे किंवा १४५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत बूस्टर लागतो. न्यूझीलंड मात्र युरोपीय आणि ऑस्ट्रेलियन अशी दोन्ही प्रमाणे मान्य करते. नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या परिवहन खात्याची ताजी माहिती पाहणे हेच श्रेयस्कर.

माझ्या अनुभवाचे सार इतकेच. परदेशी स्थायिक होणाऱ्यांनी येथून सीट विकत घेऊन वाहून नेऊ नये. आधी तेथील खूण कोणती ते विचारावे. जो पुढे गेला असेल त्याने ती तेथेच घेऊन ठेवावी आणि बसवणे जाणकाराकडून तपासून घ्यावे. थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्यांना भाड्यानेही सीट मिळते. मेलबर्नमध्ये तान्ह्या मुलांची 'कॅप्सूल' भाड्याने देण्याची चाल जुनी आहे. अनोळखी माणसाची वापरलेली सीट स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण ती एखाद्या अपघातातून गेलेली आहे की काय हे डोळ्यांना दिसत नाही. आणि आजी-आजोबांनी, मूल पट्ट्यांत रडू लागले म्हणून, आईबापांना दोष देऊ नये.

तीन महिन्यांनी मी परत निघाले, तेव्हा धर्ममातेची ती भेट गॅरेजच्या कोपऱ्यात खोक्यातच होती. जावई म्हणाले, "कोणाला देताही येत नाही, आई. येथे ती कोणीच वापरू शकत नाही." मी त्यांना ती माझ्या सामानात बांधावयास सांगितले. आपल्याकडील मुलांच्या सीटचे प्रमाण युरोपीय प्रमाणावरच बेतलेले आहे. तेव्हा जी वस्तू मेलबर्नला परकी होती, ती बेळगावात आपल्या घरचीच होती.

वास्तविक कायदा आपल्याकडेही आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने, चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या सीटशिवाय नेणाऱ्यास १,००० रुपये दंड सांगितला आहे. दुचाकीवर चार वर्षांखालील मुलास चालकाशी बांधणारा पट्टा व शिरस्त्राण असावे आणि वेग ताशी ४० च्या पुढे जाऊ नये, असा नियम २०२२ मध्ये काढण्यात आला व २०२३ पासून अमलात आला. तरीही कॅम्पातील रस्त्यावर रोज सकाळी मी पाहते: स्कूटरवर पुढे उभे असलेले मूल, मोटारीच्या पुढील आसनावर आजीच्या मांडीतले मूल. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. तीस वर्षे मी त्यांच्यातलीच एक होते.

माझ्या धाकट्या मुलाला या वर्षी मुलगा झाला. तीच सीट आता त्याच्या मोटारीत बांधलेली आहे, पाठमोरी, घट्ट. परवा आम्ही सावंतवाडीस गेलो, त्याच घाटाने. नातू पहिली दहा मिनिटे रडला आणि मग झोपी गेला. मी मागे त्याच्या शेजारी बसले होते, स्वतःचा पट्टा बांधून. त्या जुन्या वळणाशी मी हात पुढे केला आणि त्याची मूठ धरली.

आजीच्या हाताला तेवढे काम पुरेसे आहे.